हात धुणे : विद्या आणि सवय



कुंडलात व्याख्यानाला उभे राहायचे म्हणजे बोलणाऱ्याच्या मनावर थोडे दडपण येतेच. एके काळी औंध संस्थानात असलेले हे गाव. १९४३ ते १९४६ या धामधुमीच्या वर्षांत साताऱ्याच्या प्रतिसरकारचे हे प्रमुख ठाणे होते आणि तुफान सेनेची कवायत या मातीने पाहिली आहे. अशा गावी येऊन 'हात धुणे' या विषयावर बोलायचे, हे ऐकूनच काहींना हसू आले असेल. कार्यक्रमाची पत्रिका वाचून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, "सर, हे तर बालवाडीत शिकवतात ना?" मी म्हटले, "शिकवतात, दादा. पण विद्यापीठात पोचेपर्यंत ते जाते कोठे, एवढेच शोधायला मी आलो आहे."

तोच आजचा विषय आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली कोल्हापुरात स्थापन झाले. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आहेत. कुंडल, पलूस, तासगाव, कडेगाव या भागातली मुलेमुली एसटीचा पास काढून किंवा वसतिगृहात राहून तेथे शिकतात. या मुलामुलींना जंतू म्हणजे काय हे ठाऊक आहे. विषाणू आणि जिवाणू यांतला फरक त्यांच्यापैकी पुष्कळजण तुम्हाआम्हांपेक्षा बरा सांगतील. आणि तरीही दुपारी डबा उघडताना यांतले कितीजण आधी साबणाने हात धुतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी आठवून पाहावे. मी प्राध्यापकांनाही यातून वगळत नाही.

आपल्या भाषेत हात धुणे काही थोडे नाही. आपण वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो, एखाद्याच्या मागे हात धुऊन लागतो, बुडीत गेलेल्या पैशावरून हात धुऊन बसतो. परंतु जेवणाआधी हात धुण्याला आपल्याकडे निराळा शब्द नाही. जेवणानंतरच्या धुण्याला मात्र आहे : आचवणे. ही गंमत नुसत्या शब्दाची नाही. पंगत आठवा. जेवण उरकल्यावर एकही माणूस खरकट्या हाताने मांडवाबाहेर पडत नाही. तांब्या घेऊन रांगेत उभा राहील, चूळ भरील, बोटे चोळचोळून धुईल, मिशीवरून ओला हात फिरवील. का? तर खरकटे डोळ्याला दिसते, बोटाला चिकट लागते आणि त्या हाताने कोणी पाठीवर थाप मारली तर चारचौघांत शोभा होते. पंगतीत बसण्याआधी मात्र दोन बोटे ओली केली की काम झाले. त्या वेळी हातावर जे असते ते दिसत नाही, चिकटत नाही आणि त्याबद्दल कोणी नावेही ठेवत नाही. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर आपण नेमके उलटे करतो. वरणाचा हात कोणाला आजारी पाडत नाही. एसटीच्या दांड्याचा, नोटांचा, जनावराच्या दाव्याचा आणि शौचाहून आल्यावर नुसत्या पाण्याखाली धरलेला हात आजारी पाडतो.

कोणी म्हणेल, आमच्या पूर्वजांनी सोवळ्याओवळ्याचा केवढा विचार केला होता! केला होता हे खरे. पण त्या विचाराने मळ आपल्या हातावर न पाहता दुसऱ्याच्या स्पर्शात पाहिला. माणसाला माणसाचा विटाळ मानला, आणि स्वतःच्या नखाखालच्या काळ्या रेघेला मात्र मोकळे सोडले. अशा शुद्धीचा जंतूंशी काडीचाही संबंध नव्हता. सत्यशोधकांचे वारे ज्या मुलखातून वाहिले त्या मुलखाला हे अधिक सांगायला नको.

आता शास्त्राकडे वळू. हातांच्या या शास्त्राची सुरुवात विद्यार्थ्यांच्या हातांपासूनच झाली, म्हणून ती हकीकत येथे सांगणे भाग आहे. व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन कक्ष होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. इमारत तीच, शहर तेच, येणाऱ्या बायकाही त्याच गरिबाघरच्या. पण १८४६ साली पहिल्या कक्षात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी तापाने दगावल्या, तर दुसऱ्या कक्षात तीनही नाहीत. गावातल्या बायकांना हे आकडे ठाऊक नसले तरी गोष्ट ठाऊक होती. आपल्याला पहिल्या कक्षात घालू नका म्हणून त्या रडून विनवण्या करीत. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर तेथे काम करीत होता. १८४७ साली त्याच्या एका मित्राला, शवविच्छेदन चालू असताना, विद्यार्थ्याच्या हातातल्या सुरीची जखम झाली आणि तो मित्र दगावला. त्याच्या देहात जी लक्षणे सापडली ती बाळंतिणींच्या देहांत सापडणाऱ्या लक्षणांशी जुळत होती. सेमेलवाइसच्या ध्यानात आले की, विद्यार्थी सकाळी प्रेते फाडतात आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात. सुइणी प्रेतांना हात लावीत नाहीत. विद्यार्थी हात साबणाने धूत असत, पण वरवर. प्रेताचा वास हातांना तसाच राही. तो वास घालवण्यासाठी त्याने क्लोरीनच्या चुन्याचे पाणी वापरायला लावले. आपल्या ग्रामपंचायतीचा माणूस पाण्याच्या टाकीत जी टीसीएल पावडर टाकतो, तिच्याच जातीचा हा पदार्थ. १८४७च्या एप्रिलमध्ये पहिल्या कक्षात शंभरात अठरा मृत्यू होत होते. मेच्या मध्यावर हात धुणे सक्तीचे झाले आणि जूनमध्ये हे प्रमाण दोनावर आले. १८४८ साली दोन्ही कक्ष जवळजवळ सारखे झाले.

यापुढे काय झाले हे माझ्या विषयाला अधिक महत्त्वाचे आहे. आकडे एवढे लख्ख असूनही मोठ्या डॉक्टरांना ते पटले नाहीत. सद्गृहस्थाचा हात घाणेरडा असू शकतो, ही कल्पनाच त्यांना अपमानाची वाटली. सेमेलवाइसही भांडखोर, त्याने आपला ग्रंथ लिहायला १८६१ उजाडवले आणि चार वर्षांनी वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. जंतुशास्त्राचा पाया पाश्चर, लिस्टर आणि कॉख यांनी पुढल्या दोन दशकांत घातला, तेव्हा कोठे शस्त्रक्रियेपूर्वी हात घासणे हा वैद्यकाचा नियम झाला. येथून जवळ मिरजेला १८९४ साली डॉक्टर वॉनलेस यांनी इस्पितळ काढले, आणि दूरदूरचे रुग्ण आगगाडीने तेथे शस्त्रक्रियेसाठी येऊ लागले, तोपर्यंत हा नियम जगभर रुजत चालला होता. तरीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेला २००५ साली, म्हणजे व्हिएन्नानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, डॉक्टर आणि परिचारिकांनी हात धुवावेत म्हणून जगभर मोहीम काढावी लागली. ज्ञान असले म्हणजे हात आपोआप नळाकडे जातो, असे मानणाऱ्यांनी ही दोन सालांमधली वजाबाकी करून पाहावी.

साबण करतो काय, ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळले म्हणजे किती वेळ आणि कसे धुवावे हे वेगळे पाठ करावे लागत नाही. आपल्या कातडीवर तेलाचा बारीक थर असतो. मळ आणि जंतू त्या थरात रुतून बसतात, आणि तेल नुसत्या पाण्याला दाद देत नाही. साबणाच्या कणाला जणू एक डोके आणि एक शेपूट असते. डोक्याला पाण्याची ओढ, शेपटाला तेलाची. असे असंख्य कण तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात, शेपटे आत खुपसतात, डोकी बाहेर ठेवतात आणि त्या थेंबाला कातडीवरून उचलून पाण्याच्या स्वाधीन करतात. त्याच्याबरोबर जंतूही वाहून जातो. म्हणजे साबणाचे मुख्य काम जंतूला मारण्यापेक्षा त्याला उचलून हाकलण्याचे. काही विषाणूंचे बाहेरचे कवच स्निग्ध पदार्थाचे असते. २०२०च्या महामारीतला कोरोना विषाणू त्यांतलाच. त्यांचे कवच मात्र साबणाने फुटते आणि ते तेथेच निकामी होतात. हे सारे घडायला चोळण्याचा जोर आणि थोडा अवधी लागतो. वीस सेकंद म्हणतात ते यासाठी. पाणी कढत असण्याची गरज नाही. कातडीला सोसवेल असे साधे थंड पाणी पुरते.

घाईत धुतलेल्या हाताचे बहुधा तळवेच धुतले जातात. अंगठा, बोटांची टोके, नखांच्या कडा, बोटांमधल्या बेचक्या आणि अंगठीखालची जागा कोरडीच राहते. आणि आपण घास घेतो तो नेमका बोटांच्या टोकांनी आणि अंगठ्याने. चमच्याने जेवणाऱ्या देशांपेक्षा आपल्याला हा नियम अधिक लागू आहे. हाताने जेवण्यात कमीपणा मुळीच नाही. भाकरी मोडायला बोटांसारखे साधन दुसरे नाही. ते साधन धुतलेले असावे, एवढेच. धुतलेला हात कळकट पंचाला किंवा पँटीला पुसणे म्हणजे केले ते घालवणे. हात झटकून वाऱ्यावर वाळू द्यावा. आणखी एक नवी खोड अलीकडे जडली आहे. पोरे हात धुऊन जेवायला बसतात, आणि पहिला घास तोंडात जाण्याआधी त्याच हाताने मोबाइल उचलतात. तो दिवसभर बाकावर, खिशात आणि कधी कधी शौचालयातही हिंडून आलेला असतो.

साबणाला पर्याय काय? आपल्या आज्या राखेने हात घासत. राख क्षारयुक्त असते आणि घासायला खरबरीत असते. साबण नसेल तेथे नुसत्या पाण्यापेक्षा ती बरी. माती मात्र नको, कारण ओल्या मातीत जंतांची अंडी असण्याचा संभव असतो. महामारीच्या काळात साखर कारखान्यांच्या अर्कशाळांनी सॅनिटायझर काढले आणि तेव्हापासून खिशात बाटली बाळगणे प्रतिष्ठेचे झाले. शंभरात किमान साठ भाग मद्यार्क असेल तर ते द्रव चांगले काम करते. दवाखान्यात तर त्याची मोठीच सोय आहे. परंतु हात मळलेला, तेलकट किंवा ओला असेल तर त्याचा प्रभाव पडत नाही, आणि उलट्याजुलाबांचे काही विषाणू त्याला जुमानत नाहीत. आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पलूस-तासगावकडची कित्येक मुले सकाळी द्राक्षबागेत फवारणीला हात लावून मग कॉलेजला जातात. मोरचुदाचा किंवा कीटकनाशकाचा हात सॅनिटायझरने स्वच्छ होत नाही. विष तेथेच राहते, वास मात्र बदलतो. तेथे साबण आणि भरपूर पाणी हाच उपाय.

जाहिरातीतल्या 'जंतुनाशक' साबणाचे काय, असेही पुष्कळजण विचारतात. कराचीच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. काही वस्त्यांतल्या घरांना साबण देऊन, हात केव्हा आणि कसे धुवावेत हे दर आठवड्याला सांगितले. तेथे मुलांचे जुलाब निम्म्याने कमी झाले आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनियाही निम्म्याने घटला. निम्म्या घरांना जंतुनाशक साबण दिला होता, निम्म्यांना साधा. दोहोंत फरक पडला नाही. तेव्हा दहा रुपयांच्या वडीने जे होते त्यासाठी पन्नास रुपये मोजण्याचे कारण नाही.

हे झाले ज्ञान. आता वृत्ती आणि सवय. येथे मला एक स्वतःची आठवण सांगू द्या. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी असताना वसतिगृहात राहत होतो. कोठल्या, ते सांगत नाही. त्या काळी सगळी सारखीच होती. माझ्या खोलीत जतकडचा एक मुलगा होता. दुष्काळी गावचा, आठ मैलांवरून टँकर यायचा तेव्हा घरात पाणी दिसायचे. तो एका तांब्यात तोंड धुई, हात धुई आणि उरलेले पाणी खिडकीतल्या तुळशीला घाली. त्याच्या काटकसरीचे आम्हांला कौतुक वाटे. खानावळीच्या दाराशी हात धुण्याचा एक लांब ओटा होता. त्यावरच्या चार नळांपैकी दोनांना चिंध्या बांधलेल्या आणि साबणाचे खोबण कायमचे रिकामे. आम्ही साठ-सत्तरजण रोज दोन वेळा त्या ओट्यावरून जात होतो, आणि साबण का नाही, हे कोणीही, मीसुद्धा, कधी विचारले नाही. जेवण झाल्यावर मात्र हात धुवायला तेथे रेटारेटी होई.

मार्चमध्ये, परीक्षा तोंडावर असताना, त्या मुलाला विषमज्वर झाला. तीन आठवडे तो अंथरुणाला खिळला. वडील येऊन गावी घेऊन गेले आणि त्याचे वर्ष बुडाले. घरी धाकट्या दोघांचे शिक्षण त्याच्या नोकरीच्या आशेवर चालले होते; पुढच्या जूनला तो परत आलाच नाही. जंतू त्याला पाण्यातून लागला, अन्नातून की आमच्यापैकी कोणाच्या हातातून, हे कोणालाच सांगता येणार नाही. मला एवढेच सांगता येते की, त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत विषमज्वराच्या जंतूवर एक प्रश्न होता. तो कसा पसरतो, हे आम्ही सर्वांनी बरोबर लिहिले आणि गुण मिळवले. तो परीक्षेला असता तर त्याने आमच्याहून सरस लिहिले असते.

विषमज्वराचा जंतू माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात राहत नाही. तो माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाणी, अन्न, हात या वाटांनी दुसऱ्याच्या तोंडात शिरतो. बरा झालेला माणूसही कधी कधी तो वर्षानुवर्षे पोटात बाळगतो आणि स्वतः ठणठणीत असतो. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण अशीच होती. ती ज्या घरांत रांधायला राही तेथे ताप निघे. १९०७ साली तिला धरून वेगळे ठेवले, १९१० साली सोडले, आणि ती नाव बदलून पुन्हा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागली! शेवटी १९१५पासून मरेपर्यंत, म्हणजे १९३८पर्यंत, तिला एका बेटावर एकाकी राहावे लागले. मला तिची कीवच येते. आपण आजारी नसताना आपला हात दुसऱ्याला आजारी पाडतो, हे तिला शेवटपर्यंत पटले नाही; आणि ते पटणे सोपे नाही. जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत एक ते तीन आठवडे जातात. विस्तवाला हात लावला तर तो त्याच क्षणी भाजतो, म्हणून लेकरू एका खेपेत शिकते. न धुतलेल्या हाताचा जाब पंधरा दिवसांनी विचारला जातो, तोही पुष्कळदा भलत्यालाच. अशी शिक्षा माणसाला काही शिकवत नाही. ज्ञान असूनही सवय लागत नाही, याचे माझ्या मते हे पहिले कारण.

दुसरे कारण असे की, आपण स्वतःविषयी खरे सांगत नाही. विद्यार्थ्यांच्या हातांच्या स्वच्छतेची पाहणी बहुधा प्रश्नावली वाटून करतात. 'जेवणाआधी हात धुता काय?' याला 'नाही' असे कोण लिहील? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका विद्यापीठाने निराळा मार्ग काढला. विद्यापीठाच्या गावातल्या सार्वजनिक शौचालयांत बारा विद्यार्थ्यांना, कोणाच्या लक्षात येणार नाही असे उभे करून, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे लक्ष ठेवायला सांगितले. २०१३ साली त्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ३,७४९ माणसांपैकी शंभरातल्या दहांनी हात धुतलेच नाहीत, सुमारे तेवीसजणांनी नुसते पाण्याखाली धरले, आणि पंधरा सेकंद वा अधिक वेळ धुणारे पाचच निघाले. सरासरी वेळ सहा सेकंद. पुरुष बायकांपेक्षा पुष्कळच मागे, हे सांगायला नकोच. आणखी एक बारीक गोष्ट त्यांच्या नजरेत आली : हात धुण्याचे भांडे घाण असले की धुणारे कमी होतात. माझ्या वसतिगृहाचा ओटा मला तेव्हा आठवला.

आपल्या देशात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीने, २०१८च्या उत्तरार्धात, घरोघर हा प्रश्न विचारला. शौचानंतर साबणाने हात धुणारी घरे शंभरात ७४ निघाली. जेवणाआधी साबणाने धुणारी ३६च्या आत. साठ घरांत नुसते पाणी. खेड्यांत तर जेवणाआधी साबण वापरणारी घरे २५, शहरांत ५६. लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले हे आकडे आहेत, तेव्हा प्रत्यक्ष स्थिती याहून बरी असण्याचा संभव नाही. साबण घरात नाही म्हणावे, तर शौचानंतर तो सापडतो. जंतूंचे ज्ञान नाही म्हणावे, तर ते शौचानंतर कोठून आले? खरी गोष्ट ही की, शौचानंतर मनाला किळस येते आणि जेवणाआधी येत नाही. पुन्हा ते खरकट्याचेच तत्त्व.

मग उपाय काय? आणखी भित्तिपत्रके? महामारीत गावोगाव ती लागली, फोन लावला तरी आधी हात धुण्याचा उपदेश ऐकू येई. आणि भीती ओसरली तशी साबणेही ओट्यांवरून गेली. याउलट दोन प्रयोग मला फार बोलके वाटतात. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात चौदा खेड्यांत एक मोहीम झाली. तिचा वृत्तान्त २०१४ साली आला. त्यांनी जंतूंचे नाव फारसे घेतले नाही. एका शहाण्या आईची गोष्ट, किळस आणणारी नाटुकली, आणि गावासमोर 'आम्ही हात धुतो' अशी ग्वाही, एवढ्यावर भर दिला. आधी ऐन वेळी साबण वापरणारे शंभरात एखादाच होते. सहा महिन्यांनी मोहीम झालेल्या गावांत ३७ झाले, इतर गावांत सहाच. दुसरा प्रयोग बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांतला. तेथे तर कोणी एक शब्द बोलले नाही. शौचालयापासून नळापर्यंतची वाट रंगवली, तिच्यावर पावले काढली आणि नळाजवळ हाताचे पंजे काढले. पूर्वी शंभरात चार मुले साबणाने हात धूत. सहा आठवड्यांनी ७४ धुऊ लागली. पाय पावलांवरून गेले आणि हात पायांमागून.

हे आपल्याला परके नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत, कीर्तन रात्री. लोक लाजून का होईना, झाडू लागत. त्यांच्याच नावाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले; तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील आपल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्या अभियानात सरकारने उपदेशापेक्षा गावागावांची चढाओढ लावली. शेजारचे गाव आपल्यापुढे जाते, या एका विचाराने जे झाले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. हे मी व्याख्यान देतानाच कबूल करतो. वरून आलेला हुकूम आणि गावाने आपला म्हणून घेतलेला नेम यांतला फरक कुंडलाला मी शिकवायचा नाही.

तेव्हा कॉलेजातल्या मुलामुलींपुढे माझे मागणे लहान आहे. 'तुम्हांला जंतू माहीत आहेत का' हे त्यांना विचारू नये. खानावळीचा ओटा, तेथला नळ आणि तेथला साबण त्यांच्याच हाती सोपवावा. हात धुण्याची जागा शौचालयाच्या आत कोपऱ्यात नसावी. जेवायच्या दाराशी, सगळ्यांच्या नजरेसमोर असावी, म्हणजे न धुता जाणाऱ्याला चुकल्यासारखे होईल. मुलींच्या बाबतीत पाणी, आडोसा आणि साबण ही तिन्ही एके ठिकाणी असली पाहिजेत; नाही तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि ते दुखणे निराळेच. खानावळीतल्या आचाऱ्याला आणि वाढप्याला साबण पुरवणे हे मेहेरबानीत धरू नये, रॉकेलच्या काळापासून जसा सरपणाचा खर्च धरतात तसा तो खर्चात धरावा. आणि एक इशारा. हात धुतल्याने सर्व काही होते, असा माझा दावा नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली ती दूषित पाण्याने. नळालाच गटार मिळाले तर साबणाची वडी काय करणार? तेथे विद्यार्थ्याने हात धुऊन स्वस्थ न बसता नगरपालिकेच्या मागे हात धुऊन लागले पाहिजे.

व्याख्यानाआधी येथल्या काही विद्यार्थ्यांशी बोलणे झाले. त्यांतल्या एकाने सरळ विचारले, "सर, ओट्यावर वडी ठेवली की संध्याकाळपर्यंत कोणीतरी उचलून नेतो. त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही बांगलादेशातच सापडते. तेथल्या गरीब वस्त्यांत साबणाच्या वडीऐवजी साबणाचे पाणी वापरून पाहिले. दीड लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरायचे, त्यात तीस ग्रॅम कपडे धुण्याची पावडर घालायची, हलवायचे आणि बुचाला खिळा तापवून एक भोक पाडायचे. बाटली दाबली की हातभर फेसाला पुरेल इतकी धार येते. काही रुपयांत साठ-सत्तर जणांचे हात होतात, आणि ती बाटली चोरून नेण्यात कोणाला रस नसतो. एका बाजूने सुतळी घालून ती नळाच्या पाइपाला बांधली की पडतही नाही. फक्त रोज संध्याकाळी ती भरण्याची पाळी कोणाची, ते आधी फळ्यावर लिहून ठेवावे लागते.